नानांच्या ट्रॅक्टरचा नंबर

देवपूर, मंगळवार, १२ मे १९८७

आज गावी जाऊन गावातले बडे शेतकरी नाना यांनी विकायला काढलेला ट्रॅक्टर पाहिला. नांगर वर उचलला, चहा हातात आला, आणि चहा संपायच्या आत नांगर आपोआप जमिनीला टेकला. हायड्रॉलिक गेलंय. वर नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "तुना भाषणसारखंच शे, भाऊ. वर जास, पन टिकत नही." सगळे हसले.

हसा. याच अंगणात माझे वडील दरवर्षी हा ट्रॅक्टर भाड्याने मागायला यायचे. "च्या पे, लागी तुना नंबर," नाना म्हणायचे. नंबर लागेपर्यंत आमचं रान दगड झालेलं असायचं.

मिस्त्री म्हणतो, पंप, सील सगळं बदलावं लागेल, घेऊ नका. खरंच आहे. आणि व्यासपीठावरून सूड नको म्हणून सांगणारा मी, माझं हे काय चाललंय? पण तो हळूहळू टेकणारा नांगर डोळ्यांसमोरून हलत नाही.

नानांची मुलं जमिनीच्या वाटण्या करून वेगळी निघाली. त्यांच्या घरी नवा ट्रॅक्टर आता येत नाही. पुढच्या वर्षी नानाही ट्रॅक्टर भाड्याने मागणार.

घेतोच. दुरुस्त करून आधी आमच्या वस्तीची रानं नांगरीन. नाना आले की खुर्ची देईन, चहा देईन. पाहिजे तितके कप.