मास्कवरच्या एक्केचाळीस रेघा

शनिवार, ६ सप्टेंबर. सकाळी ७.४०
आज सिडनीच्या क्वेकर्स हिलमध्ये इतिहास घडला आणि चित्रलेखा घोरत होती.
कौन्सिलचा क्लीन-अप आहे. सगळ्यांनी अडगळ काढून फुटपाथलगतच्या गवतावर रचली आहे. फिरायला निघालो, तर कोपऱ्यावरच्या विकलेल्या घरापुढे, मोडक्या ट्रॅम्पोलिनखालून, एक चेहरा माझ्याकडे बघत होता. पांढरा. डोळ्यांना दोन भोकं, तोंडाशी फटी. आइस हॉकीच्या गोलकीपरचा जुना मास्क! शेजारी चामड्याचे दोन लेगपॅड, उशीएवढे जाड.
या चेहऱ्याची मी त्रेपन्न वर्षं वाट बघतोय. १९७२, खडकी. शाळेच्या लायब्ररीतल्या परदेशी मासिकात हाच फोटो होता. ते पान मी फाडलं नाही, अलगद सोडवून घेतलं. अजून पाकिटात आहे. बर्फ तोवर फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलेला. पण मन तिथेच गोठलं. (ओळ बरी आहे. कवितेत घेणे.)
चित्रलेखा उठल्यावर म्हणाली, अहो, क्लीन-अपला अडगळ बाहेर ठेवतात, आत आणत नाहीत.

त्याच दिवशी. दुपारी
बारकाईने पाहणी. मास्क फायबरग्लासचा, हाताने घडवलेला. पट्टा कुजका. कुण्या कार्ट्याने मार्करने काळ्या रेघोट्या मारून ठेवल्या आहेत. कपाळावर चौदा, सगळ्या उभ्या. डाव्या डोळ्याखाली अकरा, तिरप्या. उजव्या गालावर नऊ, आडव्या. हनुवटीवर सहा, उभ्या. नाकावर एक, वाकडी. एकूण एक्केचाळीस. संशोधकाने नोंद ठेवावी म्हणून ठेवली. हल्लीच्या पालकांचं मुलांकडे लक्ष नसतं.

सोमवार, ८ सप्टेंबर
उपमा. पुन्हा. मीठ नाही. बोललो नाही.
योजना तयार. माझी नात निहारिका, वय चौदा, आइस हॉकी खेळते आणि तीही गोलकीपर. हे रक्तातून आलं. पण जूनपासून तिने मला मॅचला यायची बंदी केली आहे. कारण क्षुल्लक. स्टँडमध्ये उभं राहून मी पकला, म्हणजे त्यांच्या चेंडूऐवजीच्या चकतीला, उद्देशून स्वरचित स्फूर्तिगीत म्हटलं होतं:
ये गं ये गं चकतीबाई,
इथून पुढे वाटच नाही!
दुसऱ्या कडव्याला तिने वळून पाहिलं. तेवढ्यात वाट निघाली. घरी येताना गाडीत म्हणाली, आजोबा, प्लीज, इट्स सो एम्बॅरसिंग.
तर योजना: रिंकवर काचेचं कपाट आहे. त्यात क्लबच्या जुन्या वस्तू ठेवतात. मास्क क्लबला भेट द्यायचा. कपाटात मास्क, खाली कार्डावर माझं नाव. दात्याला फायनलला कोण अडवणार? फायनल १२ ऑक्टोबरला.
शिवाय मी स्वतः शाळेच्या मैदानी हॉकीत गोलकीपर होतोच. मुख्य गोलकीपर रविंद्रला गालगुंड झालं, त्या एका मॅचला. सात चेंडू आत गेले. सातही मी अगदी नीट पाहिले. निहारिकाला तीन वर्षं खेळलो असं सांगून ठेवलंय. मुलांना बारकाव्यांत गोंधळवू नये.

गुरुवार, ११ सप्टेंबर
कपाटाचं काम वेंडी बघते. वय ऐंशीच्या पुढे, क्लबमध्ये पन्नास वर्षं. फोन केला. मास्क कुठे सापडला हे सांगितलं तर तिने पत्ता दोनदा विचारून घेतला. मग म्हणाली, त्याच्यावर काही मार्क्स आहेत का, लव्ह? बिचारीला चिंता. मी ठासून सांगितलं, नो वरीज, तुमच्या हातात येईल तेव्हा एकही नसेल. ती घाईघाईने काहीतरी बोलायला लागली. आभारच असणार. मी फोन ठेवला. आभार ऐकत बसणं माझ्या स्वभावात नाही.
दोनदा परत फोन आला. उचलला नाही. किती ते आभार.

शनिवार, २० सप्टेंबर
लेगपॅडना कुबट वास. वॉशिंग मशीनमध्ये घातले. जेंटल सायकल.

त्याच दिवशी. एक तासाने
आत घोड्याचे केस भरलेले असतात हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. मशीन थांबलं आहे. दारातून एक प्रकारची शेपटी बाहेर आली आहे. ऋतिका म्हणाली, बाबा, ह्यात आता माझे युनिफॉर्म धुवायचे का? कन्या माझी, पण जीभ आईची.
पॅड गच्चीवर सुकवले असते. इथे गच्ची नाही. हा या देशाचा दोष.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी
शस्त्रपूजा. दरवर्षी चित्रलेखा पाटावर विळी आणि ऋतिकाचा लॅपटॉप मांडते. यंदा मी म्हटलं, मध्यभागी मास्क. चित्रलेखा म्हणाली, त्या भुताला? ऋतिकाच्या शिफ्टपायी यंदा देवसुद्धा अजून घासायचे राहिलेत.
मग दोन्ही कामं मीच घेतली. चिंचेचा कोळ, मीठ, नारळाची शेंडी. आधी देव, मग मास्क. रेघोट्या चिवट होत्या, पण मीही खडकीचा. चाळीस मिनिटांत सगळ्या गेल्या. नाकावरची वाकडी सर्वांत शेवटी. वर बाथरूमचं दार रंगवून उरलेल्या पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात. सुकल्यावर हळदकुंकू, झेंडू. काय तेज आलं!
निहारिका ट्रेनिंगहून आली. बॅग खांद्यावरून न काढता उभी राहिली. आजोबा, व्हॉट हॅव यू डन? भारावली. नंतर हळूच म्हणाली, वेंडीला ह्यावर लाइन्स हव्या होत्या, शी टोल्ड अस टुडे. मी म्हटलं, बाळा, वयस्कर बाई आहे, गल्लत होते.
समर्पणाची कविता अकरा कडव्यांवर गेली.

रविवार, ५ ऑक्टोबर
इथल्या उन्हाळी वेळेसाठी घड्याळं पहाटे एक तास पुढे गेली. मला कुणी सांगितलं नाही. वेंडी आली तेव्हा मी बनियनवर.
मास्क तिने मांडीवर घेतला. आधी उलटा करून पट्ट्याखाली पाहिलं. मग सुलटा करून खिडकीशी धरला. कपाळावरून अंगठा फिरवला, डावीकडून उजवीकडे, पुन्हा उजवीकडून डावीकडे. मी कविता काढली.
तिच्या नवऱ्याचा मास्क. त्यांच्या किचनमध्ये त्याने स्वतः बनवलेला. तोंडावर जेवढे फटके खाल्ले तेवढ्या रेघा. प्रत्येक मॅचनंतर कारपार्कमध्ये तो मास्क तिच्यापुढे धरायचा आणि ती रेघ मारायची. तो गेला. मुलाने घर विकलं, अडगळ रस्त्यावर काढली. ती धावत पोचली तोवर मी पोचून गेलो होतो.
नाकावर एक होती, म्हणाली. ती मारताना तो हसत होता, म्हणून वाकडी आली.
मग म्हणाली, नो वरीज, लव्ह. चहा प्यायली. चकली तशीच ठेवली.
कविता वाचली नाही. घसा बरा नव्हता.

सोमवार, ६ ऑक्टोबर
नाकावरची वाकडी. हे मी कुठेतरी लिहिलंय.
वही उघडली. सहा सप्टेंबर, दुपार. सगळ्या आहेत. जागेसकट.
वही बंद केली. ही वही मी कुणाला दाखवत नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
कागदावर फक्त आकडे उतरवून निहारिकाला दिले. म्हटलं, वेंडीला दे, मला आठवले. तिने कागद पाहिला, मला पाहिलं. आजोबा, यू मेक स्टफ अप. शी'ल क्राय अगेन.
मी रचून सांगतो! मी!
तासभर अंगणात बसलो. मग आत जाऊन वही तिच्यापुढे ठेवली. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून चित्रलेखाला हाक मारली. एवढं पान वाच म्हटलं. फक्त एवढंच.

बुधवार, ८ ऑक्टोबर
वेंडीला बोलावलं. चित्रलेखाने चष्मा लावून वाचायला घेतलं, निहारिका इंग्रजीत सांगत होती. कपाळ चौदा, उभ्या. वेंडीने मान हलवली. डोळ्याखाली अकरा, तिरप्या. वेंडीने टेबल धरलं. नाकाशी आल्यावर चित्रलेखाने चष्मा काढून पुसला.
इथे थांबायचं होतं. चित्रलेखाने पान उलटलं.
उपमा. रविंद्रचं गालगुंड. सात चेंडू. निहारिकाने गालगुंडाला इंग्रजी शब्द विचारला, मग सगळंच्या सगळं भाषांतर केलं. वेंडी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. 'वन मॅच, आजोबा?' निहारिका म्हणाली. मी म्हटलं, पूर्ण सत्तर मिनिटांची.
मग वेंडीने पर्समधून मार्कर काढला. एकेक रेघ स्वतः मारली, निहारिका जागा दाखवत होती. नाकाशी तिला पुन्हा हसू आलं. वाकडी आली. बरोबर आली.
उद्यापासून उपम्यात मीठ जास्त पडणार, हे दिसतंय.

रविवार, १२ ऑक्टोबर
मास्क कपाटात. कार्डावर वेंडीच्या नवऱ्याचं नाव. खाली बारीक अक्षरांत: रेघा एका शेजाऱ्याच्या वहीवरून पुन्हा काढल्या. शेजाऱ्याला नाव नाही.
निहारिकाने बंदी उठवली. अट एकच: वेंडीच्या डाव्या बाजूला बसायचं आणि कविता म्हणायचीच असेल तर तिच्याच कानात, हळू. मान्य केलं. अकराही कडवी म्हटली. मराठी कळत नसूनही बाई दर कडव्याला मान डोलवत होती. असा श्रोता मला आयुष्यात मिळाला नव्हता. निहारिकाने एकही चकती आत जाऊ दिली नाही. जिंकलो.
येताना गाडीत मी म्हटलं, कवितेला भाषा आड येत नाही, वेंडीला विचारा. ऋतिकाने आरशातून निहारिकाकडे पाहिलं. निहारिका खिडकीबाहेर बघायला लागली. चित्रलेखाच म्हणाली, अहो, तिला डाव्या कानाने वीस वर्षं काही ऐकू येत नाही.