नानकटाईचा गुण

४ जानेवारी, रविवार
नव्या वर्षातला पहिला शोध. चिरनेरहून पनवेलला परतताना (हवापालट, कल्पना माझी) रस्त्यालगत बेकरी सापडली. बोर्ड नाही, गूगलवर नाही, लाकडाची भट्टी. मालक दाऊदभाई, गल्ल्यावर बायको फहमिदा. दोन महिने सुमतीला घास जात नाहीये. आज गाडीत अर्धी नानकटाई खाल्ली आणि म्हणाली, छान आहे. चौतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोचं दुखणं नवऱ्याइतकं कुणाला कळणार? रोगबीग काही नाही. तोंडाची चव गेली होती.
संकल्प : सुमतीला रोज दोन नानकटाया. मला शुगर आहे, सबब मी शून्य.

७ जानेवारी
पुन्हा तीच वाट. तुमची बेकरी मी शोधली, असं दाऊदभाईंना सांगितलं. म्हणाले, आजोबांच्या वेळची आहे. आजूबाजूची गावं घरचं पीठ-तूप आणून देतात आणि नानकटाई भाजून नेतात. असेल. नवीन पनवेलला कुठे माहीत होतं?
फहमिदाने गाडीतल्या सुमतीकडे पाहून विचारलं, भाभी किती दिवस अशा आहेत. अ‍ॅसिडिटी, म्हणालो. मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणाली. प्रत्येकाने आपापली भट्टी सांभाळावी.
क्वालिटी चेक म्हणून चार खाल्ल्या.

११ जानेवारी
गुण येतोय. आंघोळीला जाताना बशीत दोन ठेवतो, येतो तर बशी साफ. चुरासुद्धा नाही. गुरुवारची दुर्बिणीची तपासणी रद्द केली. खात्या माणसाच्या घशात नळी कशाला? पुण्याहून लेकीचा, सईचा फोन. फार तोडून बोलली. फॅमिली डॉक्टरांनी डिसेंबरातच सांगितलं होतं म्हणे. सांगितलं होतं. डॉक्टर सांगतातच.

१८ जानेवारी
पाचवी फेरी. सुमतीचे ब्लाउज ढगळ झालेत. या वयात फिगर, म्हटलं, तर हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून नोंद.
माझी शुगर २६०. मीटर जुना झालाय.

२५ जानेवारी
आज आम्हीही तिथल्या रिवाजाप्रमाणे. सुमतीने घरचं तूप आणि मैदा स्वतः मोजून डब्यात भरला. मध्ये दोनदा खाली बसली. बेकरीपाशी तिला गाडीतून उतरवेना. फहमिदाच खिडकीशी आली. दोघी हात धरून दहा मिनिटं बोलत होत्या. मी तोवर भट्टीचे फोटो काढले. फहमिदाने डब्यावर चिठ्ठी लावली, त्यावर माझं नाव : दीनानाथ. डबा सुमतीचा, पण कुटुंबप्रमुख म्हणून ठीकच आहे.

२८ जानेवारी
सई न कळवता आली आणि आईला हॉस्पिटलात घेऊन गेली. दुर्बीण, तुकडा, स्कॅन. मला विचारलं नाही.

१ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. अन्ननलिकेचा कॅन्सर. पसरलाय, ऑपरेशन होणार नाही. मी डॉक्टरांना सांगितलं, रोज दोन नानकटाया खाते. त्यांनी सुमतीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. महिनाभर आधी आणलं असतं तर, एवढं बोलून ते थांबले. वाक्य पुरं करायला हवं होतं त्यांनी. सई रडत होती. मी पार्किंगची पावती शोधत होतो.

३ फेब्रुवारी
सुमतीला घरी आणलंय. भाजलेला डबा आणायला एकटाच गेलो. तिथेच एक तोंडात टाकली. साखर घालायला विसरले होते. तक्रार केली.
"विसरलो नाय," फहमिदा म्हणाली. "भाभींनीच सांगितलं, साखर नको. हा डबा तुमच्यासाठी आहे."
आणि तिच्यासाठी, मी विचारलं.
"त्यांना पाणीपण उतरत नव्हतं, दादा."
घरी येऊन सुमतीला विचारलं. तिने कपाटाकडे बोट केलं. साड्यांमागे पत्र्याचा डबा, आत पेपरच्या पुड्या, प्रत्येकीत दोन. पाच जानेवारीपासूनच्या.
"तुम्ही एवढ्या लांब जायचात," म्हणाली. "नाही कसं म्हणू?"

४ फेब्रुवारी, सकाळ
संकल्प सुचला नाही. आंघोळीला गेलो नाही. तिच्यासमोर बसून चमच्याने पाणी पाजलं. तीन चमचे गेले. चौथा बाहेर आला.