आतून कडी

६ मे, मंगळवार

मोतीलाल पाटलांनी नाही म्हटलं! काल हो, आज नाही. काल स्वतः खोली उघडून दाखवली, पंखा लावून दाखवला, घरातल्या बाईने चहासुद्धा पाजला. आज मला दारातच उभं ठेवलं. "घरात नको म्हणतात." घरात म्हणजे कोण? चहा पाजणारी का?

शहाद्याला वीज कंपनीत रुजू झाल्यापासून खात्यादादाच्या घरी पडून आहे. खात्यादादा माझ्याच सेक्शनला लाइनमन, मोलगीकडचा. त्याची बायको रमिलाबाई चांगली आहे, पण एका खोलीत किती जण मावणार? आणि मला माझी खोली हवी. माझ्यासाठी नाही, एस्तेरसाठी. पोरगी पहिलीत जाणार. जूनच्या मध्यावर शाळा उघडते. तोवर खोली नाही मिळाली तर हे वर्षही ती चिंचपाड्याला आईकडेच. गेलं वर्ष असंच गेलं.

ती मला फोनवर 'लिडिया' म्हणते. आजी म्हणते तसं. आई म्हणतच नाही.

१० मे, शनिवार

मिळाली!! दोंडाईचा रोडच्या बाजूची कॉलनी. मालक भूपेंद्र पाटील, मूळ ब्राह्मणपुरीचे, केळीवाले. मागच्या अंगाला खोली, वेगळं दार.

सगळे मला विचारतात, मॅडम, चांगली वस्ती ओळखायची कशी? अमका म्हणतो आपली माणसं बघ, तमका म्हणतो देऊळ बघ. मी खांब बघते. गल्लीतला दिवा पेटतो का, डीपीच्या पेटीला दार आहे का, तार खाली लोंबते आणि कुणी तक्रार केली का. जिथे दिवा गेल्यावर दुसऱ्या दिवशी फोन येतो, तिथली माणसं एकमेकांकडे बघतात. या गल्लीतले सगळे दिवे चालू आहेत. मी वर चढून पाहिलेत.

आईला फोन केला. तिचं नेहमीचंच — आतून कडी आहे का? मालकाचा नंबर दे, एकटी बाई तू, काही झालं तर मी कुणाला विचारू? दिला. मोतीलाल पाटलांचाही दिला होता, तो वाया गेला.

१२ मे, सोमवार

सामान लावलं. खिळ्याला क्रूस, खाली एस्तेरचा फोटो. कडी दणकट आहे.

१८ मे, रविवार

सुट्टी नाही. काल वादळ झालं, अर्ध्या गावाला वीज देणारं फिडर पडलं, दिवसभर खांबावर. खाली बाप्ये जमून बघत होते — बाई वर चढली! जणू माकडच बघताहेत. एकाने विचारलं, भीती नही वाटस का? म्हटलं, वर नाही वाटत.

आईचा फोन आला. आज चर्चच्या सभेत उभी राहून तिने माझ्या खोलीसाठी प्रार्थना मागितली, पाळकांनी सगळ्या मंडळीला डोळे मिटायला लावले. म्हटलं, अगं खोली मिळाली ना? म्हणाली, टिकायला हवी. एस्तेरला फोन दे म्हटलं तर झोपली म्हणे. भर दुपारी, दंगा करणारी पोर झोपली!

मागच्या गल्लीत एक बारीक काळी वायर दिसली. मेन लाइनवर आकडा, तिथून थेट भूपेंद्रभाईंच्या कूलरला. मीटरला पत्ताच नाही. बोलले नाही. भाडेकरू आहे. घर टिकायला हवं.

२७ मे, मंगळवार

ड्यूटीवरून आले तर सामान ओट्यावर. गादीची वळकटी, स्टोव्ह, क्रूस त्याच्यावर उलटा ठेवलेला. खोलीला नवं कुलूप. भूपेंद्र पाटील उन्हात उभा. नजर द्यायला तयार नाही. "बेन, घरात बायामाणसं आहेत, पोरं आहेत. नको आता." कारण विचारलं तर आत निघून गेला. त्याची बायको प्रतिभा खिडकीतून बघत होती. पडदा लावून घेतला तिने.

सगळ्या गल्लीसमोर मी सामान रिक्षात भरलं. कुणी हात लावला नाही. एवढे दिवे पेटलेले ना गल्लीत — काय उपयोग!

२८ मे, बुधवार

कारण मला ठाऊक आहे. सुकट! रविवारी भाजली होती. वर क्रूस. वर गावित हे आदिवासी आडनाव. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून "बायामाणसं". मी कोण, बाप्या?

मोतीलालचंही तेच असणार. सगळे एका माळेचे मणी.

रमिलाबाई म्हणते जाऊ दे. का जाऊ दे? मीही खांबावर चढणारी बाई आहे. त्याचा आकडा कुठे आहे ते मला डोळे मिटून सांगता येईल. प्रार्थना करताना डोळे मिटले तरी तो आकडाच दिसतो. देवा, क्षमा नंतर मागते.

२ जून, सोमवार

साहेबांना सांगितलं. गल्ली, खांब, वायरचा रंग, कूलर चालू असायची वेळ. साहेब म्हणाले, भरारी पथकाला कळवतो. मग विचारलं, तुम्ही तिथेच राहत होता ना? म्हटलं, होते.

५ जून, गुरुवार

आले! पथक आलं! भर दुपारी, गल्लीतली सगळी माणसं घरात असताना. वायर मीच उतरवली. मुद्दाम सावकाश. खाली प्रतिभा पदर तोंडाला लावून उभी, भूपेंद्र पाटील पथकाच्या साहेबाच्या मागे मागे. आता कुणाकुणाला नजर देतोस ते बघते. मीटर काढून नेलं. घरात पंखा बंद, कूलर बंद. ते उकडत बसले आणि मी खांबावरून उतरताना मला इतकं बरं वाटलं की खाली येऊन खात्यादादाला उसाचा रस पाजला.

सुकट आणली. रमिलाबाईने भाजली. पोटभर जेवले.

६ जून, शुक्रवार

भूपेंद्र पाटील ऑफिसच्या फाटकाशी आला. एकटाच. मला वाटलं भांडायला आला, मी पकड हातातच ठेवली. पण माणूस पार बसलेला.

म्हणाला, चोरी मन्ही शे, कबूल शे. पण बेन, खोली मी मन्हा मनथीन नही काढी. "तुन्ही मायनीच फोन करा व्हता. जावई कोयता लिसन तिले शोधस, म्हणे. मन्ह्या घरमा सून शे, तिन्ही पोरं शेतस. मी काय करू?"

कोयता! एस्तेरचा बाप सुरतेला दुसरीबरोबर राहतो. तीन वर्षांत त्याला पोरीचा चेहरा आठवला नाही, तो मला कोयता घेऊन शोधणार?

फोन काढून नंबर दाखवला त्याने. आईचाच.

आकडा त्याचा होताच. खोटं काही मी सांगितलं नाही. तरी आज जेवण उतरलं नाही.

७ जून, शनिवार

मोतीलालकडे गेले. नंबर दाखवला. मान हलवली त्याने. त्यालाही फोन. त्याच्याकडे तर रडली म्हणे.

आतून कडी आहे का — म्हणे! काळजीने विचारायची आणि नंबर घ्यायची. आणि मी शहाण्यासारखी द्यायची. सभेत उभी राहून प्रार्थना मागायची, आणि घरी येऊन फोन लावायची. अख्खी मंडळी डोळे मिटून बसली माझ्यासाठी! देवाला तरी काय वाटलं असेल?

कारण कळतं मला. न कळायला काय झालं? घरात बाबा नाहीत, भाऊ दानियल नोकरीला गुजरातेत. एस्तेर गेली की त्या घरात कुणाशी बोलणार ती? पोरीची वेणी, तिची भाकरी, रात्री तिची गोष्ट. सगळं कळतं. पण पोर माझी आहे! पोटात मी वाढवली. मला नावाने हाक मारायला लावलंस तू तिला!

भूपेंद्र पाटलाला मी उकाड्यात बसवलं. तुला काय करू?

९ जून, सोमवार

खोली मिळाली. सबस्टेशनच्या मागे, म्हाताऱ्या जसोदाबाईंची. त्यांनी ना जात विचारली ना नवरा. एकच प्रश्न — लाइट गई ते खांबवर चढशी का? म्हटलं, आधी तुमच्यासाठी चढेन. चावी दिली.

आईला कळवलं. अपेक्षेप्रमाणे — कडी आहे का, नंबर दे. दिला. मालकाचं नाव चुनीलालभाई सांगितलं आणि नंबर दिला ऑफिसने मला दिलेल्या मोबाइलचा. तो तिच्याकडे नाही.

करू दे फोन. रेकॉर्डिंग लावून ठेवलंय. येत्या रविवारी सुट्टी घेतलीय. सभेत अनुभव सांगायची, साक्षीची वेळ झाली की उभी राहीन. म्हणेन, मंडळी, माझ्या खोलीसाठी तुम्ही एवढ्या प्रार्थना केल्यात, आता हे ऐका. आणि वाजवीन. पाळकांसमोर. पहिल्या बाकावर बसते ना ती, पांढरा पदर घेऊन? तिथेच ऐकू दे. तिलाही कळू दे सगळ्या गल्लीसमोर ओट्यावर सामान म्हणजे काय असतं.

१० जून, मंगळवार

फोन नाही. ऑफिसचा फोन खिशात घेऊन खांबावर चढले. साहेब ओरडले.

११ जून, बुधवार

आला. संध्याकाळी, खोलीत भांडी लावत होते. रेकॉर्डिंग सुरू केलं. आवाज बदलून नुसतं "हं" म्हटलं.

"साहेब, मी लिडियाची आई." मग तेच सुरू झालं, तिच्या मोडक्या मराठीत. जावई... दारू पिऊन... आणि थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "साहेब, मी तिचं वाईट सांगायला फोन केला होता. आधी दोघांना सांगितलं. पण नात समोर बसलीय, माझ्या तोंडाकडे बघतेय. तिच्यासमोर तिच्या आईचं वाईट बोलायला जीभ रेटत नाही." मग विचारलं, "खोलीला आतून कडी आहे ना?"

मला काय झालं कुणास ठाऊक. आवाज बदलायचा राहूनच गेला. म्हटलं, "आहे. एस्तेरचे कपडे बांधून ठेव. रविवारी न्यायला येते."

मग मागून एस्तेरचा आवाज — आजी, कोण आहे? लिडिया आहे?

आई तिला म्हणाली, "तुझी आई आहे. बोल."