बावीस वर्षं आणि सहा आठवडे

तीर्थरूप ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींनी गोड सोडलं, की नुसतं सोडल्याचं सांगतात? इकडे सगळे ठीक. माझी तब्येतही उत्तम, फक्त माझा अनुभव वारला. तो कसा, हे मलाच अजून नीट कळलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुला ठाऊकच आहे, इस्पितळाच्या धुलाईघरातला बॉयलर बावीस वर्षं मी एकटा चालवतो. (आधीचा मिस्त्री पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात चाव्या देऊन गेला, तो फिरकलाच नाही.) चादरींना वाफ लागते आणि वाफेला मी लागतो. तर मध्यंतरी हुकूम आला, की बॉयलरजवळ परवानाधारक माणूसच हवा. म्हटलं, देऊ परीक्षा, त्यात काय. अर्ज नेला. खिडकीवरच्या कारकुनाने तो उलटसुलट पाहिला आणि अनुभवाच्या रकान्यात शून्य लिहिलं. बावीसचं शून्य कसं झालं, असं मी खरोखरच जाणून घ्यायला विचारलं. माणूस सज्जन, त्याने नियमावर बोट ठेवून दाखवलं. अनुभव परवानाधारकाच्या हाताखालचाच धरतात. मी एकटा होतो, म्हणजे कुणाच्या हाताखाली नव्हतो, म्हणजे नव्हतोच. मग इतकी वर्षं त्या चादरी कोणी उकळल्या, असं विचारलं, तर म्हणाला, त्याला रकाना नाही.

पुढे परवानाधारक म्हणून इंजिनिअर साहेब आले. वय चोवीस, पदवी पहिल्या वर्गाची, चौकटीत बसवून आणलेली. नियमाप्रमाणे ती बॉयलरशेजारी टांगली (खिळा मी ठोकला). पोरगा गुणी आहे हो, गर्व नावाला नाही. पहिल्या दिवशी बॉयलरभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काका, हा चालू कुठून करायचा?" मी चाटच पडलो. चार वर्षं तिथे शिकवतात तरी काय, हे मी आता त्याला रोज जेवताना विचारतो. वाफेची गणितं शिकवतात म्हणे. ती खरंच सुंदर असतात, दोन मलाही जमली. बॉयलर मात्र त्याने एकदाच पाहिला होता, सहलीत, तोही बंद. म्हणून पाण्याची काच कशी वाचायची, पंप कुरकुरला तर कुठे कान द्यायचा, हात न भाजता झडप कशी सोडायची, हे दिवसभर मी त्याला शिकवतो. आणि संध्याकाळी तो वहीत सही करतो, की आज दिवसभर मी त्याच्या हाताखाली शिकलो. असे सहा आठवडे जमलेत. वर्ष भरलं तर मी परीक्षेला बसेन, नाहीतर मला चादरींच्या घड्या घालायला धाडणार आहेत. ताई, तुझ्यापाशी काय लपवू, त्या विचाराने घास उतरत नाही.

सगळ्यांना आशीर्वाद आणि नमस्कार, ज्याला जे लागू असेल ते.

तुझा धाकटा

ता. क. साहेबाला इथे एकट्याला करमत नाही. दुसरीकडून बोलावणं आलंय, जावं म्हणतो. तो गेला की माझी वही बंद.

ता. क. तुझ्या धाकटीसाठी स्थळ बघताय ना? तिची हरकत नसेल तर येत्या रविवारी तिला घेऊन ये. मुलाला काय येतं, असं भावोजी विचारतील. त्यांना सांग, इंजिनिअर आहे, पहिला वर्ग. एवढ्यावर ते पुढचं विचारणार नाहीत.

ता. क. घाई मात्र करू नका. बोलणी साडेदहा महिने चालली तरी चालतील.