पायाळूचा पाय

आये,

काल कणकवलीला डॉक्टरांनी मला माझ्याच कमरेचा फोटो दाखवला. दोन मणक्यांमधली चकती मागे सरकली आहे आणि पायात उतरणारी नस तिथे दाबली गेली आहे. मी म्हटलं, कंबर कुठे फारशी दुखते, दुखते ती पोटरी. ते म्हणाले, विहिरीपाशी पाइपावर कोणी उभं राहिलं की बागेच्या टोकाला पाणी जात नाही, तसंच हे. माझ्या दुखण्याचं त्यांना फार काही वाटलं नाही. पायाचा अंगठा वर उचलता येत नाही हे पाहिल्यावर मात्र म्हणाले, आता थांबायचं नाही, उशीर केलात तर पाऊल कायमचं लुळं पडेल.

मी पायांकडून जन्मले, पायाळू, म्हणून गावात कोणाच्या कमरेत उसण भरली की मला खेळातून उठवून नेत. माणूस उंबऱ्याशी पालथा पडे, मी डावा पाय लावी, आणि तो कण्हत उठून मला लाडू देई. तुझा पाय दुखू लागला तेव्हा तू मला बोलावत नव्हतीस, कारण लेकीने आईला पाय लावणं पाप. शेवटी एकदा मासे कापून उठताना तुला उभंच राहता येईना, आणि तू तिथेच पालथी झालीस. मी भीत भीत पाय टेकवला आणि लगेच तुझ्या पाया पडले. "बरा वाटला गो माका," म्हणत तू भिंत धरून उठलीस. तुला कणकवलीला न्यायला निघालेले बाबा थांबले. लेकीने बरं केलं, असं तू सगळ्या वाडीत सांगितलंस. पुढे चालताना तुझी चप्पल निसटून मागे राहायची आणि तुला पत्ताच नसायचा. ते पाऊल तू शेवटपर्यंत फरफटत नेलंस.

काल डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या मला तुझा राग आला. दाबलेली नस पोरीच्या पायाने सुटत नाही. माझा मान राहावा म्हणून तू खोटं बोललीस आणि त्यापायी स्वतःचं पाऊल घालवलंस. मी मात्र त्या मानावर लग्न होईपर्यंत मिरवले. संध्याकाळी मुंबईहून मुलीने फोन करून पाय कसा आहे विचारलं. बरा आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"बरो नाय," मी म्हटलं. "ऑपरेशन करूचा आसा. तू ये."

ती म्हणाली, तू कधी असं मागत नाहीस.

"माका माज्या आवशीसारख्या होवचा नाय," मी म्हटलं.

आये, तुझ्याबद्दल असं मी जन्मात कधी बोलले नव्हते. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून सांगते, फोन ठेवल्यावर खूप रडले. पण बोललेलं मागे घ्यावंसं वाटलं नाही.