खिडकी कुठे ठेवायची ते कळव

३ मार्च

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं धड बोलणं होत नाही. तू जेवलीस का विचारतेस, मी हो म्हणते. मग मी विचारते, तू हो म्हणतेस. दोघी जेवलेल्या आहोत एवढं कळलं की फोन संपतो. म्हणून हे सविस्तर पत्र.

मी टोपल्या विणायला शिकते आहे. आधी हसून घे, मग पुढे वाच.

माझ्या घराखाली बेकरी आहे. मी पहाटेच्या ड्यूटीला निघते तेव्हा तिची मालकीण शटर उघडत असते. इतकी वर्षं आम्ही नुसत्या माना हलवत होतो. गेल्या महिन्यात एका रविवारी मी कचरा टाकायला खाली उतरले, तर तिनं मला हाताला धरून सरळ आपल्या पावाच्या व्हॅनमध्ये बसवलं. आत दोघं आधीच होते. एक इथल्या वाचनालयातली बाई आणि एक म्हातारा गवंडी, आता कामातून निवृत्त झालेला. गावाबाहेर ओढ्याकाठी झुडपं आहेत, त्यांच्या लवचीक फांद्या कापून आणायच्या, भिजवायच्या आणि विणायच्या, असा त्यांचा उद्योग. शिकवतो गवंडी. मला त्यांची भाषा हॉस्पिटलातल्या कामापुरती येते, म्हणजे ‘कुठे दुखतंय’ आणि ‘कूस बदला’ एवढी. ओढ्याकाठी दोन्हींचा उपयोग नाही. बाकीचं हातवाऱ्यांवर निभावलं. दुपारी तिथेच चिखलात बसून आम्ही बेकरीतला पाव खाल्ला.

माझी पहिली टोपली एका अंगाला कलली आहे. गवंड्यानं ती डोक्यावर घालून दाखवली.

मास्तरांना नमस्कार सांग. मुलीची परीक्षा कशी झाली ते कळव. मोठ्या बहिणीला हसून झालं असेल, तर लोभ तसाच ठेव.

तुझी
ताई

२४ मार्च

ती. ताईस,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मोठ्यानं वाचलं. कचरा टाकायला गेलेली बाई टोपली घेऊन परत आली, यावर मास्तर चष्मा काढून हसले. मी मात्र म्हटलं, हे पत्र दुसऱ्याच कुणाचं तरी आहे. आमची ताई चिखलात बसून पाव खाईल? जिनं आम्हाला पाय पुसल्याशिवाय स्वयंपाकघरात घेतलं नाही ती? बाबा गेले तेव्हा तू जेमतेम नर्सिंगला लागली होतीस. तेव्हापासून तुला कधी पाय पसरून बसलेलं पाहिलं नाही. आम्ही सहलीला जायचो, तू डबे भरून द्यायचीस.

परीक्षा बरी गेली, असं मुलगी म्हणते. निकाल काय म्हणतो ते बघू.

आता कामाचं. ऑक्टोबरात तुझा करार संपला की तू परदेश सोडून कायमची इकडे येणार, तेव्हा गच्चीवरची तुझी खोली तोवर पुरी व्हायला हवी. भिंती कमरेएवढ्या आल्या आहेत. मिस्त्री रोज विचारतो, खिडकी पूर्वेला ठेवू की रस्त्याच्या बाजूला? पूर्वेला उजेड आहे, रस्त्याकडे करमणूक आहे. लवकर कळव.

आणि हो, त्या गवंड्याचं वय काय? सहज विचारते.

लोभ आहेच. टोपल्यांच्या नादात तो कुठे ठेवून विसरू नकोस.

तुझी
बेबी

२० एप्रिल

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

गवंडी शहात्तर वर्षांचा आहे, डाव्या कानानं ऐकत नाही आणि त्याचं सगळं प्रेम त्याच्या कुत्र्यावर आहे. तुझं समाधान झालं असेल.

गेल्या आठवड्यात मी फांद्या घरी आणून न्हाणीतल्या टबात भिजत घातल्या. आठवडाभर टब त्यांचा. मी आपली कोपऱ्यात बादली घेऊन अंघोळ करत होते. वॉर्डातल्या पोरींना हे सांगितलं तर त्या मला म्हाताऱ्यांच्या रांगेतच निजवायला निघाल्या.

रविवारी टेकडीपलीकडे गेलो होतो. वाचनालयातली बाई एरवी कुजबुजल्याशिवाय बोलत नाही, पण स्टिअरिंग हातात आलं की तिच्या अंगात येतं. व्हॅन चिखलात रुतली. आम्ही तिघांनी मागून ढकलली, तिनं जोर केला आणि आम्ही नखशिखांत माखलो. बेकरीवाली एवढी हसली की रस्त्यातच खाली बसली. मग मीही बसले. बेबी, मी किती दिवसांत हसले नव्हते, ते हसताना पोट दुखायला लागलं तेव्हा कळलं.

टोपलीची कड वळवायला शिकले. ती फार अवघड असते. एक काडी पुढे, दोन मागे.

मुलीला म्हणावं, निकाल आला की आधी मला कळव, मग वडिलांना. लोभाचं काय लिहू, तो आहेच.

तुझी
ताई

११ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खिडकीबद्दल मी पत्रात विचारलं, फोनवर विचारलं, आता परत विचारते. तू मला टोपलीची कड सांगतेस. ‘एक पुढे, दोन मागे’ हे मिस्त्रीला सांगितलं तर तो काम सोडून जाईल.

मास्तर म्हणाले, ताईंना नसेल सुचत, आपणच ठरवू. मी म्हटलं, तिला सुचत नाही असं आजवर झालेलं नाही. माझ्या लग्नात मांडवाचे खांबसुद्धा तिनं मोजून घेतले होते.

मुलगी पहिल्या वर्गात पास झाली. तिला टोपली हवी आहे, कलली तरी चालेल म्हणते.

उत्तराची वाट बघते आहे. लोभ कमी झालेला नाही, धीर झाला आहे.

तुझी
बेबी

९ जून

चि. सौ. बेबीस,
आशीर्वाद.

अक्षर पाहून घाबरू नकोस. डाव्या हातानं लिहिते आहे. ओढ्याच्या काठावर पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं आहे. दोष गवताचा, व्हॅनचा नाही.

माझी काळजी करू नकोस. बेकरीवाली सकाळी वर येऊन चहा करते आणि माझी बटणं लावून देते. गवंडी संध्याकाळी येतो, काही न बोलता बसतो, जाताना भांडी घासून ठेवतो. शनिवारी वाचनालयातल्या बाईनं मला खुर्चीवर बसवून माझे केस धुतले. मी जन्मभर दुसऱ्यांची डोकी धुतली. आईनंतर माझं डोकं कुणी धुतलं नव्हतं. मी रडले. तिला वाटलं डोळ्यांत साबण गेला, म्हणून ती आणखी पाणी ओतत राहिली.

पुढे लिहवत नाही. हात दुखतो.

तुझी
ताई

२८ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सहावीतल्या पोराचं अक्षर बरं. पत्र वाचून आधी रडले, मग रागावले. मनगट मोडल्याचं तू तीन आठवड्यांनी टपालानं कळवतेस? आणि फोनवर जेवलीस का म्हणून विचारलं की हो म्हणतेस! कोणत्या हातानं जेवत होतीस?

तुझे केस धुवायला मी नव्हते का? तू उठून एवढ्या लांब गेलीस, नाहीतर मी रोज धुतले असते. आता पुरे झालं. ऑक्टोबरची वाट बघू नकोस, प्लास्टर निघालं की ये. मुलगी तुझ्यासाठी चादर घेऊन आली आहे.

सरळ विचारते, ताई. तू येणार आहेस ना? माझ्याशी गोड बोलायला जाऊ नकोस, ते तुला कधीच जमलं नाही.

तुझी
बेबी

२० जुलै

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

प्लास्टर निघालं. हा उजवा हात आहे.

तू सरळ विचारलंस, मी सरळ सांगते. मेट्रननं करार आणखी दोन वर्षं वाढवू का म्हणून मार्चमध्येच विचारलं होतं. मी तिलाही उत्तर दिलं नव्हतं, तुलाही नाही. आता तिला हो म्हटलं आहे.

मला तुमचा कंटाळा आलेला नाही. तुझ्या घरात मला काही कमी पडणार नाही, हेही ठाऊक आहे. पण तिथे मी उतरले की ताई होईन. कुणाचं काय दुखतंय, कुणाची फी भरली, दूध आलं का. तुम्ही मागणार नाही, मीच हात पुढे करीन. सवयच तशी आहे. इथे रविवारी मी कुणाचीच ताई नसते. मला काही येत नाही म्हणून लोक मला शिकवतात. गवंडी माझी कड उसवतो आणि पुन्हा कर म्हणतो. आणि मला ते आवडतं, बेबी. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे कळलं. तुला हे शहाणपण वाटतं की खूळ, ते तू ठरव.

तू कष्टानं बांधलेल्या खोलीला मी नाही म्हणते आहे, हे लिहायला चार महिने लागले. रागाव. पण लिहिणं थांबवू नकोस.

तुझी
ताई

१९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. घरात एवढी शांतता झाली की मास्तरांनी मला थर्मामीटर लावलं. मग त्यांनी पत्र वाचलं. ते म्हणाले, या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलं आहे, आणि तेही फक्त रविवार. मी म्हटलं, तुम्ही तिची बाजू घेऊ नका, ती माझी बहीण आहे. मग मी परत वाचलं.

तू म्हणतेस ते खरं आहे. मागे मुलगी म्हणाली होती, मावशी आली की माझा प्रवेश अर्ज तीच भरेल. मीही मनात धरलं होतं की सासूबाईंच्या औषधांचं आता ताई बघेल. खोली तुझ्यासाठी बांधत होते की तुला कामावर घेत होते, देव जाणे. हे लक्षात आलं आणि मीच ओशाळले.

खिडकी रस्त्याकडे ठेवली. तू येईस्तोवर मास्तर वर झोपतील. त्यांचं घोरणं रस्त्याला जाईल आणि मला झोप लागेल. म्हणजे तुझ्या न येण्याचा फायदा झालाच.

राग गेलेला नाही. तो टपालानं पाठवण्यासारखा नाही, म्हणून स्वतः घेऊन येते आहे. नोव्हेंबरात ऑफिसातून तीन आठवड्यांची रजा मिळाली. मास्तरांना विचारलं नाही, सांगितलं. ते हो म्हणाले आणि लगेच भात किती पाण्यात शिजतो ते मुलीला विचारायला गेले.

तुझ्या मंडळींना भेटेन. चिखलात बसेन, काड्या सोलेन, व्हॅन ढकलेन. पण पहिले दोन दिवस त्यांनी कुणीही वर यायचं नाही. दार लावून घे, बेल वाजली तरी उघडू नकोस. मी तुझे केस धुणार आहे. आणि तू उठून चहा टाकायला गेलीस, तर बघ.

लोभ किती आहे ते समोर आल्यावर मोजू.

तुझी
बेबी