ओ कुणी द्यायची

आये, कॉम्प्युटरमधलं तुला काय ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही, पण काल त्यातलं एक कळलं ते तुलाच सांगायचं आहे. तुझी नात बारामतीला शिकली, आता वडगावात घरी बसूनच नोकरी करते. मोबाईलची रेंज नेमकी स्वयंपाकघरात येते, म्हणून लॅपटॉप माझ्या पायात मांडून बसते. काल कामाचं लिहायला तिला नवं ॲप बसवायचं होतं. ते काय बसेना. ते ॲप म्हणे दुसऱ्या एका प्रोग्रॅमला नावानं बोलावतं, आणि त्या नावाचे दोन निघाले. मी लसूण सोलतेय, धारा काढायची वेळ झालीय, आणि ही कपाळाला हात लावून बसलीय.

"मम्मी, मी नव्याला हाक मारते आणि ओ जुना देतोय."

"मग काढून टाक की जुना! त्यात रडायचं काय?"

तिनं काढला. परत लॅपटॉपवरच्या त्या काळ्या खिडकीत नाव टाइप केलं, तर खिडकी म्हणे, असं कुणी न्हाय हितं.

"आता गं? नवा बसवलाय की!"

"हाय की. पण ह्या खिडकीला जुन्याचीच जागा ध्यानात हाय. तिथंच जाऊन बघतीय. तिथं कुणी न्हाय, म्हणून न्हाय म्हणतीय. शेजारचा दिसतच न्हाय हिला."

माझ्या हातातला लसूण हातातच राहिला, आये.

माझ्याआधीची तुझी पोरगी पळसदेवला उजनीच्या पाण्यात गेली. शेरडांना पाणी पाजायला गेली आणि गाळात पाय रुतला. मग मी झाले. बारशाला आत्या म्हणाली, "वहिनी, तीच परत आली बघ," आणि तिचंच नाव माझ्या कानात फुंकलं. हे सगळं ऐकलेलं. मला आठवतं ते एवढंच, की दिवस मावळायला तू काठावर उभी राहून त्या नावानं हाका मारतेस, पाण्याकडं तोंड करून. मी घरातनं पळत येते. "ओ आये, हितं हाय की मी!" तू वळून बघतेस. "तुला कुणी बोलावलं?" शेजारची काकी एकदा म्हणालीच तुला, "अगं बया, ती ओ देतीय, अन् तू पाण्याला काय हाका मारतीयस?" तू तिच्याशी बोलणं टाकलंस. माझ्याशी टाकलं नाहीस, पण बोलायचीस ती कामापुरतं.

शेवटी बारामतीच्या दवाखान्यात तुझं सगळं बोलणं गेलं, तेवढं नाव राहिलं. तू ते घेतलंस. तुझा हात माझ्या हातात होता. मी म्हणाले, "ओ." तू डोळे उघडलेस आणि माझ्यावरनं दाराकडं बघितलंस. मी पण वळून दाराकडं बघितलं.

पोरीला विचारलं, "मग आता हिला काय करायचं?" ती म्हणाली, "काय न्हाय, ही खिडकी बंद करायची, दुसरी उघडायची. नव्या खिडकीला जुनं काय आठवत न्हाय." तिनं तसं केलं. नाव टाइप केलं आणि लगेच ओ आली. पोरगी हसली, मला म्हणाली, "झालं बघ!" मी म्हटलं, "ऊठ आता, माझी धारंची वेळ गेली," आणि गोठ्यात जाऊन म्हशीवर विनाकारण ओरडले.

हे पत्र टाकायचं कुठं, ते पोस्टालाही सांगता यायचं नाही. खाली नावसुद्धा लिहीत नाही. लिहिलं तर तुला वाटंल, तिचंच पत्र आलं. तरी लिहावं असं मनात येऊन गेलं. तेवढ्यानं तरी तू घाईनं उघडलं असतंस.